तांब्याचा विळा

खांडेनवमीच्या सकाळी पिंपळगाव राजाच्या शाळेमागे, एका पत्र्याच्या शेडपुढे अर्धं गाव लोटलं होतं. ज्याच्या त्याच्या एका हातात पूजेचा विळा आणि दुसऱ्या हातात बंद पडलेला मोबाईल.

ताम्रनाथ महाराजांनी शेतकरी पंजाबरावांचा विळा निळ्या तीर्थात बुडवला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. विळा वर आला तो तांब्याचा. बाया हात जोडून रडायला लागल्या.

"मेलेलं यंत्र घरात, तं बोंडअळी कपाशीत," महाराज म्हणाले. "बीटीच्या बियाण्याले काऊन दोष देता? या मोबाईलमधलं प्रेत मी ओढून घेतो अन् त्याचं पुण्य तुमच्या लोखंडात घालतो. आज तांबं. श्रद्धा टिकली तं पुढच्या खांडेनवमीले सोनं."

बोगस बीटी विकून बियाणंवाल्यानं आधीच फसवलेल्या माणसांना पुन्हा फसायला एवढं पुरतं. मोबाईल, चार्जर, फवारणी पंपाच्या बॅटऱ्या पोत्यांत पडत गेल्या.

शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना, नीरजाला, विळ्याचं काही पडलं नव्हतं. पुढच्या रांगेत तिचे वडील, निवृत्त कारकून भालचंद्रराव, त्याच तीर्थाच्या टबात मधुमेहानं चिघळलेला पाय बुडवून बसले होते. डॉक्टर राबियांची मलमपट्टी त्यांनी कधीच सोडली होती.

"अण्णा, उठा. पाय काळा पडलाय."

"पण दुखत नाही बघ. राबियाच्या मलमानं आलं होतं का हे सुख?"

नीरजानं पिशवीतून प्रयोगशाळेतली बाटली काढली. "पंजाबराव, संत्र्याच्या बुंध्याला काय लावता?"

"मोरचूद अन् चुना."

"हे तेच मोरचूद, तांब्याचा क्षार." तिनं ते पेल्यात विरघळवलं आणि त्यात घरची सुरी सोडली. मंत्र म्हटला नाही. सुरी तांब्याची झाली. "लोखंड अशा पाण्यात ठेवलं की पाण्यातलं तांबं त्यावर चढतं. नुसता मुलामा. घासा तुमचा विळा."

पंजाबरावांनी दगडावर घासला. आतून लोखंड निघालं.

नीरजानं शेडचा पडदा ओढला. ॲसिडच्या ड्रमांत मोबाईलमधल्या सर्किटच्या हिरव्या पट्ट्या भिजत होत्या. "यातलं सोनं महाराजांनी काढून घेतलं. तांबं विरघळलेलं उरलेलं ॲसिडचं घाण पाणी म्हणजे तुमचं तीर्थ. बॅटऱ्यांतून कारखान्यात कोबाल्ट, निकेल, लिथियम काढतात, त्यातून नव्या बॅटऱ्या होतात. ते काम चांगलं आहे. यांनी मात्र तुमचा माल फुकट घेऊन विकला."

महाराज तोवर मागच्या बाजूनं मोटरसायकलवरून पसार झाले होते. ही एक विद्या त्यांना खरंच येत होती.

"मंग बाई, माया मोबाईल वापस भेटीन का?" पंजाबरावांनी विचारलं. अण्णांच्या पायाचं कुणीच विचारलं नाही.

बुलढाण्याच्या दवाखान्यात पाय गुडघ्याखालून कापला. "शुगरनं पायाची जाणीवच मेली होती," डॉक्टर राबिया म्हणाल्या. "म्हणून मांस जळत होतं तरी दुखलं नाही."

अण्णा चादरीच्या सपाट भागाकडे बघत राहिले. "मीही माझा मोबाईल दिला होता गं. त्याचं काय झालं असेल?"

"त्याची नवी बॅटरी होईल अण्णा. माणसांनी तपासून, चुकून, पुन्हा तपासून ते शोधलंय. पाय पुन्हा उगवायचं अजून कुणाला जमलेलं नाही. जमलं असं जो म्हणेल, त्याला हात जोडण्याआधी एवढंच विचारायचं, कसं?"

तिला राग आला होता आणि रडूही येत होतं. अण्णांनी नसलेला पाय खाजवायला हात खाली नेला.