खुशालीच्या पत्राचा कोपरा

जगातलं कुठलंही युद्ध तोफांनी सुरू होत असलं तरी संपतं ते टपालानं, असं केरबा जाधवांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी उंब्रजच्या स्टँडवर सांगलीच्या गाडीची वाट बघत असलेल्या समस्त जनतेपुढं मोठ्या आवाजात मांडलं, आणि तेवढ्यात सांगलीची गाडी त्यांच्या पाठीमागून निघून गेली.

युद्ध केरबांनी पाहिलं नव्हतं. भरतीला गेले होते, पण छाती बोटभर कमी भरली. थोरला भाऊ सयाजी मात्र भरला, एकाहत्तरच्या लढाईत गेला आणि शत्रूच्या कैदेत पडला. तिथून त्याचं एकच कार्ड आलं. घात झाला तो त्या कार्डानं.

कार्डाचा कोपरा नव्हता.

कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे मरणाची खबर, हे तेव्हा गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. असलं पत्र घरात घ्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि टाकून द्यायचं. सयाजीच्या आईनं कोपरा बघितला आणि वाचायचेही कष्ट घेतले नाहीत. कार्ड अंगणात, बांगड्या दगडावर. हौसेनं हिरवा चुडा भरायच्या वयात सयाजीची बायको बनुबाई विधवा झाली. दुसऱ्या दिवशी केरबांनी गटाराकडेचं ते कार्ड उचलून वाचलं. लिहिलं होतं, ‘मी खुशाल आहे. जेवण बरं आहे. तांबडी म्हैस गाभण राहिली का? बनूला सांगावं की’. पुढं कोपरा.

केरबांनी गावभर आरडाओरड केली. गावानं शांतपणे ऐकून घेतलं. पण भावकीला सुतकाचे निरोप गेले होते, तेराव्याच्या बुंदीला आचारी ठरला होता. आणि अक्षरं काय, कुणीही लिहितं. कोपरा उगाच कोण फाडतंय?

युद्ध संपलं, कैदी सुटून आले. सयाजी आला नाही. सरकारनं ‘बेपत्ता’ म्हटलं, मग काही वर्षांनी ‘मृत समजावे’ म्हटलं. समजावे! केरबांनी काही समजून घेतलं नाही. त्यांचा सिद्धांत तयार होता. परदेशी तिकिटाच्या हावेपायी टपालवाल्या आप्पासोनं कोपरा फाडला. त्यापायी केरबा आप्पासोशी जन्मात परत बोलले नाहीत. त्याच्या पोरीच्या लग्नाला गेले नाहीत, आणि तो मेला तेव्हा दहाव्यालाही गेले नाहीत. दहाव्याला न जाणं म्हणजे आमच्याकडं फार झालं.

आता बनुबाई अंथरुणाला खिळली होती. कराडच्या डॉक्टरनं ‘घरी न्या’ म्हणून सांगितलं होतं. तिनं एकच मागणं मागितलं, ‘मला हिरवं नेसवून न्या.’ साडीही आणून ठेवली. आळीतल्या मयताला नेसवायचं काम मनुबाईकडं. ती दारातच फणकारली, “आवं, रांडव बाईला हिरवं नेसवू? कोपरा साऱ्या गावानं बघितलाय. दादला जिता हाय म्हणून पुरावा आणा, मग मी भरजरी नेसवते!”

म्हणून केरबा सांगलीला निघाले होते. नातसून अंकितानं मोबाईलवरून शोधून दिलं होतं, की सांगलीत रहिमान मोमीन नावाचे एक घड्याळजी आहेत आणि त्यांना युद्धकैद्यांच्या टपालाचा नाद आहे.

पुढच्या गाडीनं दुपारी केरबा त्यांच्या दुकानात पोचले. भिंतीवर पंधरावीस घड्याळं होती आणि प्रत्येकात वेगळी वेळ. रहिमानभाईंनी डोळ्याला भिंग लावून कार्ड उजेडात धरलं.

“तिकीट फाडलंय न्हवं?” केरबांनी विचारलं.

“कुठलं तिकीट?”

“ह्याच्यावरचं. आप्पासोनं.”

“अण्णा, कैद्याच्या पत्राला तिकीट नसतंय. फुकट जातंय ते. जगात कुठंबी.”

केरबांनी दुकानाच्या पायरीकडं पाहिलं. पन्नासहून जास्त वर्षांचं वैर त्या पायरीवरनं उतरून निघून चाललं होतं आणि त्याला हाक मारायचीही सोय नव्हती.

“मग मरणाचा कोपरा म्हणायचा काय ह्यो?”

“छे. ही कड बघा. सरळ हाय, कात्रीची. मरणाचा कोपरा हातानं फाडतात. त्या घटकंला कात्री शोधत कोण बसतंय? ह्या कोपऱ्यात छावणीचं नाव असणार. कैद्यांची पत्रं तपासणाऱ्यानं ते कापलं. मागं काय लिवलंय, त्याला काय देणंघेणं?”

“म्हंजे भाऊ जिता हाय!”

रहिमानभाईंनी भिंग काढलं. भिंगाशिवाय त्यांचा डोळा फार लहान दिसत होता.

“लिवलं त्या दिवशी जिता हुता. तेवढं मी कुणालाबी छातीठोक सांगतो.”

“आन पुढं?”

“पुढचं कार्ड आणा, पुढचं सांगतो.”

चहा आला. दोघांनी तो घड्याळांच्या टिकटिकीत पिऊन टाकला. रहिमानभाईंनी कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून दिलं. “आता खराब हुणार न्हाई,” ते म्हणाले.

परतीच्या गाडीत केरबांनी खोटं घोकलं. ‘वैनी, दादा जिता हाय. मोठ्या जाणकारानं सांगितलंय.’ वाक्य सोपं होतं. कराडपर्यंत पाठ झालं, उंब्रजला उतरताना तर स्वतःलाही खरं वाटायला लागलं.

बनुबाई भिंतीला टेकून बसली होती. डोळे तेवढे जागे.

“काय म्हनला घड्याळवाला?”

केरबांनी तोंड उघडलं आणि पाठांतर दगा देऊन गेलं. “वैनी, कोपरा मरणाचा न्हवता. कात्रीनं कापल्याला हाय.”

“म्हंजे माज्या बांगड्या फोडल्या तवा त्ये जितं हुतं.”

“लिवलं तवा तरी हुतं.”

“बसून म्हशीचं इचारत हुतं.”

“व्हय.”

“आन आता?”

केरबा पाकिटातलं कार्ड उलटसुलट करत राहिले. दोन्ही बाजूंनी कोपरा नव्हताच.

“ऱ्हाऊ द्या भावजी,” बनुबाई म्हणाली. “लिवनारा मानूस हुता त्यो. जिता असता तर दुसरं कार्ड आलं असतं. म्हशीचं उत्तर पायजे हुतं त्यास्नी.”

बाहेर मनुबाई कुणाला तरी मोठ्यानं सांगत होती, की पुरावा आला म्हणतात. बनुबाईनं तिकडं कान दिला, मग सोडून दिला.

“वैनी, त्या कोपऱ्यात तुमच्यासाटी काय लिवलं असंल, वं?”

“म्हशीचंच असंल कायतरी.” मग उशीखाली हात घालून तिनं हिरवी साडी बाहेर काढली. घडी मोडली नव्हती, दुकानाची पिशवीही तशीच होती. तिनं ती केरबांच्या मांडीवर ठेवली.

“उद्या उंब्रजला गेलासा तर त्येवढी बदलून मिळती का इचारा. पांढरी नगं, लय मळती.”