उपाशी कुंड्या

धोंडूकाकाच्या पडवीतल्या वाशाकडे वर्षाचे दहा महिने कुणी ढुंकून बघत नसे. मे संपत आला की मात्र तो वासा काकाचा. मासेमारीची बंदी लागायची, होडी वर ओढली जायची आणि जाळी दोन महिने त्या वाशाला लटकून पडवीला स्वतःचा वास देत राहायची.

यंदा जानेवारीत पुतणी भक्तीनं त्याच वाशाला सहा ऑर्किडं टांगली. भक्ती कोल्हापुरात रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन तोंडवलीला परतली होती. नोकरी लागेपर्यंत काका-काकीकडे राहून ती अर्ज पाठवत होती, आणि अर्जांना उत्तरं येत नसल्यामुळे तिच्याकडे वेळ भरपूर होता.

"ह्या काय टांगलंस गो?" काकानं विचारलं.

"ऑर्किडा, काका. खत घातल्यार फुलतली."

"खत? फणसार सीतेची वेणी फुलता, तिका कोण खत घालता?"

"ती रानातली ऑर्किडच. तिका पाऊस पानांवरचा कुजलेला वाहून आणता. शिवाय पाखरां."

"पाखरां काय करतत?"

"हगतत."

"मगे दुकानात कित्याक गेलंस? कावळे होते की हय!"

भक्तीला हसू आलं, पण प्रश्न तिला आवडला. कोकणच्या हवेत घरी टांगलेल्या ऑर्किडला खत खरंच लागतं का? पुस्तकात "लागतं" असं होतं, पण पुस्तक लिहिणाऱ्यानं तोंडवली पाहिली नव्हती. तिनं ठरवलं, तिघांना खत, तिघांना नुसतं पाणी.

काकाला यात आपला फायदा दिसला. "खतवाल्या झाडाक बंदीआधी फूल इला तर वासो तुझो. बिनखतवाल्याक इला तर माझो, आणि तुझी झाडां फणसार." कशालाच फूल आलं नाही तर वासा अर्थातच काकाचा. पैज त्याची आणि न्यायाधीशही तोच.

अडचण काढली ती काशीबाईकाकीनं.

"तीन जेवतली आणि तीन उपाशी? माझ्या घरात?"

"काकी, झाडां ती."

"झाडां म्हणान काय झाला? आणि कोणाक उपाशी ठेवचा ता ठरवणारी तू कोण?"

हा आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या बिनतोड होता. आपण निवडलं तर नकळत टवटवीत कुंडीलाच खत देऊ, हे भक्तीला माहीत होतं. निवड नशिबावर सोडायला हवी. नाणं उडवून काम झालं असतं, पण काकीचा नाण्यावर विश्वास नव्हता. मग देवळात कौल लावायचं ठरलं. सारख्या उंचीच्या दोन-दोन कुंड्यांच्या तीन जोड्या, आणि प्रत्येक जोडीसाठी एक कौल: उजवी पाकळी आधी पडली तर जोडीतल्या पहिल्या कुंडीला खत, डावी पडली तर दुसरीला.

लवू गुरवानं प्रश्न दोनदा ऐकून घेतला. "आजवर देवाक लग्ना विचारली, कोर्टातली भांडणा विचारली, हरवलेली म्हस विचारली. खताचो प्रश्न पयलोच." तरी त्यानं ओल्या पाकळ्या पाषाणाला चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवान परदेशी झाडां आणल्यान. तेंका खाऊक घालूचा की उपाशी ठेवचा, ता तूच काय ता सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काका सवयीनं ओरडला.

उजवी पाकळी पडली, मग डावी, मग पुन्हा डावी. एक, चार आणि सहा नंबरला खत मिळणार होतं. दोन, तीन, पाच उपाशी.

भक्ती दर रविवारी पाकिटावर लिहिलेल्याच्या पाव मात्रेचं खत कालवायची आणि मोजून एक कप द्यायची. थेंबभरही खाली गळू द्यायची नाही, कारण खालची जमीन काकीनं सारवलेली. वहीत पानं, मुळं, कांड्यांची उंची सगळं टिपलेलं असे. मार्चमध्ये तिनं एक जास्तीची नोंद केली: "मांजर बहुतेक सकाळी फक्त उपाशी कुंड्यांखाली बसते. जमीन चाटते. कारण: सावली?" सावली सगळ्या पडवीत सारखीच होती, हेही तिनं खाली प्रामाणिकपणे लिहिलं आणि पान उलटलं.

एप्रिलात खतवाल्या कुंड्यांत मातीऐवजी भरलेल्या नारळाच्या सोडणांवर पांढरा थर दिसू लागला. मुळांची टोकं काळी पडली. उपाशी तिघी मात्र तुकतुकीत. सत्तावीस मेला तीन नंबरच्या दांड्यावर जांभळं फूल उघडलं.

काकानं ते फूल चारी बाजूंनी बघितलं, शेजारच्या मंगेशला बोलावून दाखवलं आणि लगेच जाळी आणायला गेला.

भक्तीनं वहीत लिहिलं: "खताची गरज नाही." आकडे आकडेच होते. ती कुंड्या उतरवायला लागली. तेवढ्यात मांजर आलं आणि तीन नंबरखालची जमीन चाटू लागलं. भक्ती बघत राहिली. मग एम.एस्सी. झालेली ती मुलगी गुडघ्यांवर बसली, ओणवी झाली आणि मांजराशेजारी जमीन हुंगू लागली.

बांगडा.

तिनं मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात काशीबाई तपेली घेऊन उभी होती. तपेलीत गढूळ पाणी होतं आणि त्यात दोन खवले तरंगत होते.

मासे धुतलेलं पाणी म्हणजे खतच. हे सांगितलं की वासा भक्तीचा. पण सांगितलं की काकीनं देवाचा कौल मोडल्याचं गावभर होणार, कारण मंगेश अजून पडवीतच होता. भक्तीनं वही मिटली आणि पाच नंबरची कुंडी उतरवायला हात वर केला.

"ठेव ती थयच," काशीबाई म्हणाली. ती पुढे आली आणि खांद्यावर जाळी घेऊन आलेल्या नवऱ्यासमोर तिनं तपेली तीन नंबरमध्ये ओतली. पाणी कुंडीतून भळाभळा गळालं. मांजराला सण झाला.

"जानेवारीपासून घालतंय. पयला पाणी खारट, ता माडाक. तिसरा ह्यांका. सोमवार-गुरवार मासे नसतत, तेव्हा साधा पाणी."

"पाच दिवस पातळ खत आणि दोन दिवस धुणा!" भक्ती जवळजवळ ओरडली. "माझ्या कुंड्यांतलो खताचो खार धुवान जायतच नव्हतो. मी थेंब गळूक दिलंय नाय!"

"म्हणजे माशाचा पाणी खत?" काकानं विचारलं.

"कावळ्याच्या जातीचाच. जरा बऱ्या घरातला."

काकानं जाळी खाली टाकली. वासा हातचा जात होता, म्हणून त्यानं शेवटचं हत्यार काढलं. "अगो, पण देवान तेंका उपाशी ठेवक सांगलेल्यान! तू कौल मोडलंस!"

मंगेशनं कान टवकारले.

"खंय मोडलंय?" काशीबाईनं तपेली कमरेवर घेतली. "जेवण घातलंय काय मी? पाणी घातलंय. उपासाक पाणी चालता."

 काका जाळी उचलून मागच्या खोपीकडे निघाला.

भक्तीनं वहीतलं शेवटचं वाक्य खोडलं. मग बादलीभर साधं पाणी आणून ती एक नंबरमध्ये ओतत राहिली, सारवलेली जमीन भिजेपर्यंत. मांजर लगबगीनं आलं, एकदा चाटलं आणि तिच्याकडे बघून निघून गेलं.