स्लॅबवरचं पाणी

सिद्धेश्वरच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं काही वैद्याकडं जाण्यासारखं नव्हतं. देगलूरचा हणमंत कंपनीत आला त्या दिवसापासून ते सुरू झालं होतं. आला तो आला, वर सगळ्यांचा लाडका होऊन बसला. आता सांगा, माणसानं जळायचं नाही तर काय करायचं?

लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. जिल्हा झाला म्हणून कचेऱ्या आल्या, कारखान्यांच्या शेड आल्या, रस्ते आले. एक पाऊस तेवढा आला नाही. विहिरी तळाला गेल्या, बाया घागरी घेऊन सरकारी टँकरची वाट बघत उन्हात बसू लागल्या. अशात शहराला नळानं पाणी द्यायचं काम मुंबईच्या एका मोठ्या कंपनीनं घेतलं. माळावर दोन टाक्या बांधायच्या होत्या, अर्ध्या जमिनीत, अर्ध्या वर. एका टाकीवर रेणापूरचा सिद्धेश्वर, दुसरीवर हणमंत. दोघंही हजेरीवरचे. राजूरकर इंजिनिअरनं दोघांना समोर उभं करून स्पष्ट सांगितलं होतं, "कंपनीला एकच पक्का फोरमन घ्यायचाय. ज्याचा स्लॅब निर्मळ, बिनभेगेचा निघेल तो. दुसऱ्यानं आपली वाट धरायची."

ही जागा आपलीच, असं सिद्धेश्वरनं मनात कधीच धरलं होतं. इथला माणूस तो, कंपनीची पहिली कुदळ पडली तेव्हापासूनचा. पण राजूरकरसाहेबांची जीप यायची ती आधी हणमंतच्या टाकीपाशी थांबायची. साहेब हणमंतच्या डब्यातली तिखटजाळ चटणी मागून खायचे. सिद्धेश्वरच्या डब्यात त्याच्या बायकोनं, बसम्मानं केलेली शेंगदाण्याची चटणी असायची, ती कोणी मागितली नाही. मजूर सिद्धेश्वरला 'मुकादम' म्हणायचे आणि कालच्या हणमंतला 'मामा'! तो अर्धं तेलुगू, अर्धं मराठी बोलायचा आणि दोन्हीकडची माणसं हसायची. सिद्धेश्वरला त्या हसण्याचाही राग यायचा. ते आपल्यालाच हसायलेत, असंच त्याला वाटायचं.

कहर म्हणजे घरात बसम्माही तेच. "हणमंतमामा लई गमत्या माणूस हाय बगा," ती भाकरी थापता थापता म्हणाली, तेव्हा सिद्धेश्वर ताटावरून अर्धपोटी उठला.

दोन्ही टाक्यांचे स्लॅब एकाच आठवड्यात ओतून झाले. नारळ फुटले, मजुरांना शिरा वाटला. आता राहिलं होतं पाणी. सिमेंट ओलं राहिलं तरच घट्ट होतं, नाहीतर उन्हानं तडकतं. म्हणून स्लॅबवर मातीचे छोटे बांध घालून आळी करायची, त्यात पाणी भरून ठेवायचं, आटलं की पुन्हा भरायचं. कंपनीचा टँकर दूरच्या बोअरवरून ते आणायचा. खाली वस्तीत, सिद्धेश्वर राहायचा त्याच वस्तीत, प्यायला घोट नाही, आणि वर स्लॅबवर पाणी उन्हात चमकतंय! वस्तीतल्या बाया माळाकडं बघत राहायच्या. सिद्धेश्वरनं आपल्या टाकीवर दांडकंवाला राखणदार बसवला होता. हणमंतनं कुणालाच बसवलं नव्हतं.

हे सिद्धेश्वरच्या ध्यानात आलं आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला.

वस्तीतली केवळाबाई रिकामी घागर घेऊन चालली होती. त्यानं तिला हटकलं. "टँकर न्हाई आला का, मावशी?"

"कुठला यायलाय अण्णा! धुणंभांडं करून आठ दिस झाले."

"मग त्या हणमंताकडं जा की. त्याच्या स्लॅबवर मायंदाळ पाणी हाय. चुन्याचा वास मारतंय, प्यायला न्हाई, पण धुण्याभांड्याला चालतंय. तो न्हाई म्हणायचा न्हाई. समद्याजणी जावा."

बोलला किती गोड! आणि मनात काय होतं, तर हणमंतचा स्लॅब कोरडा पडावा, तडकावा, साहेबानं त्याला हाकलावं. शिव शिव! गळ्यात लिंग बांधलेला लिंगायत माणूस, पण त्या घडीला त्याला देवाचीही भीती वाटली नाही.

दुपारी बाया आल्या. सिद्धेश्वर आपल्या टाकीच्या आडोशाला उभा राहून बघू लागला. हणमंत धावत आला. आता हा ओरडणार, बाया बोंबलणार, तमाशा होणार, म्हणून सिद्धेश्वर खूश झाला होता. तेवढ्यात त्याला त्या घोळक्यात बसम्मा दिसली. घागर घेऊन तीही रांगेत!

"कुणी धाडलं गं तुमाला?" हणमंत विचारत होता.

"सिद्धेश्वरअण्णांनी," केवळाबाई म्हणाली.

सिद्धेश्वर आडोशामागं आणखी सरकला. हणमंतनं मान वळवून नेमकं इकडंच बघितलं. आणि हसला की हो! मनापासून हात जोडले त्यानं. "चांगल्या माणसानं धाडलंय. मला कसं सुचलं न्हाई? घ्या माय, भरून घ्या," म्हणाला आणि स्वतः वाटीनं आळ्यातलं पाणी घागरींत भरू लागला. बसम्माची घागर त्यानंच तिच्या डोक्यावर चढवून दिली.

रोज बाया येऊ लागल्या. टँकरनं जेवढं यायचं त्यातलं निम्मं वस्तीत जायचं. हणमंतनं पोत्यांची बारदानं भिजवून टाकली, सावलीला पाचट पसरलं, पण चैत्राचं ऊन ते! स्लॅबवर केसासारख्या भेगा उमटल्या.

राजूरकरसाहेब आले, भेगांवरून बोट फिरवलं आणि त्यांचा आवाज चढला. "पाणी कुठं गेलं?"

"वस्तीला दिलं, साहेब. मीच दिलं."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

सिद्धेश्वर बाजूलाच उभा होता. आता नाव घेणार हा. पक्की जागा गेली, इज्जत गेली.

"माझ्याच मनानं दिलं," हणमंत म्हणाला. सिद्धेश्वरकडं त्यानं बघितलंही नाही.

हणमंतचा त्याच दिवशी हिशेब झाला. तो पिशवी घेऊन देगलूरच्या एसटीत बसला तेव्हा निम्मे मजूर काम टाकून त्याला सोडायला गेले. त्याचा स्लॅब फोडून काढला. सिद्धेश्वरचा मात्र एकदम निर्मळ निघाला. तो पक्का फोरमन झाला, साहेबांनी पाठ थोपटली. बसम्मानं पुरण केलं, पण वाढताना एवढंच म्हणाली, "तुमच्या टाकीवर राखणदार व्हता न्हवं?"

पुढं सिद्धेश्वरची टाकी भरली आणि वस्तीच्या कोपऱ्यावरच्या नळाला पाणी सुटलं. काय तो गलका! पोरं नाचली, बायांनी नळाला हळदकुंकू लावलं. सिद्धेश्वर इस्त्रीचा सदरा घालून, हातात घागर घेऊन, छाती काढून तिथं गेला. आपली टाकी, आपलं पाणी. आज तरी लोक म्हणतील.

"सरा गं, फोरमनअण्णा आले," केवळाबाईनं वाट करून दिली. "हणमंतमामाच्या टाकीचं पाणी आलं बगा, अण्णा!"

"हणमंताची टाकी फोडली की!" सिद्धेश्वरचा आवाज चिरकला. "ही माझी हाय. मी बांधलेली!"

"आसंल की," केवळाबाई समजुतीनं म्हणाली. "आमी आपलं हणमंतमामाचीच म्हणताव. सारी वस्तीच म्हणती."

त्याला तिथल्या तिथं ओरडावंसं वाटलं. नोकरी माझी, टाकी माझी, आणि नाव त्या देगलूरकराचं? बेकार होऊन घरी बसलेल्या माणसाचा हेवा करायची पाळी आली होती त्याच्यावर.

केवळाबाईनं त्याची घागर सगळ्यांच्या आधी नळाखाली लावली. मग दोन्ही हात जोडून म्हणाली, "पर तुमचे उपकार बी न्हाईत इसरलो, अण्णा. तुमीच तर आमाला त्यांच्याकडं धाडलं व्हतं."

साऱ्या बायांनी माना डोलावल्या. त्यांच्यात बसम्मा होती. ती तेवढी त्याच्याकडं एकटक बघत होती, आणि तिनं मान हलवली नाही.

सिद्धेश्वरनं घागर भरायच्या आधीच उचलली आणि घराकडं निघाला.