एकशे ब्याऐंशी खाचरं

मित्रांनो, सन २०२२. दिवाळी नुकतीच उलटली होती आणि मी अकरा वर्षांचा झालो होतो. तुमच्यात हे वय लहान, आम्हा संगणकांत म्हातारपण.

अकरा वर्षांपूर्वी नवलाख उंबरे गावचे अंबाजी आबा कारखान्यातून निवृत्त झाले आणि मला नवाकोरा घरी घेऊन आले. गावात कारखाने येण्याआधी तिथे भाताची खाचरं होती, आणि प्रत्येक खाचराला नाव होतं. सातवीण, डोहाचं, म्हातारीचं. आबा रोज सकाळी दोन बोटांनी एकेक नाव लिहीत: कुठं होतं, कुणी कसलं, भात कोणतं. शेजारी बसून त्यांची बायको येसूबाई चुका काढीत.

"म्हातारीचं वढ्याच्या अलीकडं. पलीकडं न्हाई!"

अशी एकशे ब्याऐंशी खाचरं झाली. दुसरीकडे कुठेच त्यांची नोंद नव्हती. मी एक अक्षर सांडलं नाही, हे अभिमानाने सांगतो.

आबा गेले. मीही मंदावलो. सुरू व्हायला चहा उकळेपर्यंत वेळ लागे. कॉलेजात जाणारी नात सृष्टी म्हणाली, "आजी, ह्याला पुसून कोरा करू. आबांचं सगळं पेनड्राइव्हवर घेतलंय."

तिने घेतल्या होत्या नुसत्या खुणा, तुम्ही ज्यांना शॉर्टकट म्हणता त्या. येसूबाईंना चटकन सापडावं म्हणून आबांनी पडद्यावर प्रत्येक फाइलची खूण मांडली होती, कोपऱ्यात बारीक बाण असलेली. खऱ्या फाइली खोल आतल्या कप्प्यात होत्या. मला ठाऊक होतं, पण सांगायला तोंड कुठे?

घोरावाडी स्टेशनजवळच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात दुकानदार विक्की मला पुसायला बसला, तेवढ्यात येसूबाई म्हणाल्या, "थांब. नवं बियाणं आमी ओल्या फडक्यात बांधून उगवून बघतो, मगच जुनं गिरणीला धाडतो. त्या काडीतलं आधी उघडून दाव."

"मावशी, नातीवर भरवसा न्हाई व्हय?"

"लय हाय. बियाणंवाल्यावर बी हाय. तरी बघतोच."

विक्कीने पेनड्राइव्ह आपल्या मशीनला लावला. सातवीण उघडेना. डोहाचं उघडेना.

सृष्टीचा चेहरा उतरला. "आजी, हे नुसते पत्ते आहेत गं. आत घरच नाही."

"मग घर हुडका की! रडताय काय?"

विक्कीने माझे सगळे कप्पे धुंडाळले. फाइली तीन ठिकाणी विखुरल्या होत्या, काही दोन-दोनदा होत्या. सृष्टीने त्या ताडून एका फोल्डरात आणल्या, दोन ठिकाणी नक्कल केली आणि विक्कीच्या मशीनवर एकूण एक उघडून नाव मोठ्याने वाचलं. येसूबाई बोटांवर मोजत बसल्या होत्या. शेवटचं नाव ऐकलं आणि म्हणाल्या, "हां. आता पूस."

पुढे विक्कीने दुकान वडगावला नेलं. सृष्टी पुण्यात एका ग्रंथालयात जुनी कागदपत्रं संगणकावर चढवते. येसूबाई गेल्या वर्षी गेल्या. त्याआधी नावांची छापील वही गावात घरोघर पोचली होती, आणि त्यातल्याही दोन चुका त्यांनी पेनाने दुरुस्त केल्या होत्या. मी गावच्या शाळेत आहे, ठणठणीत.

मित्रांनो, आमची निगा राखा, पुसण्याआधी नक्कल उघडून बघा. पण त्याच्याही आधी एक करा. घरातल्या कुणी माझ्यासारख्यात काही लिहून ठेवलं असेल, तर तो माणूस आहे तोवर त्याच्याशेजारी बसा आणि विचारा, कुठं ठेवलंय? सृष्टीने आबांना ते कधी विचारलंच नव्हतं.