बोक्यावरचा आळ

सहादेवच्या घरातला बोका भिंतीवर मुतायला लागला तो बहात्तर सालच्या दिवाळीनंतर. त्या साली मुतण्याइतकं पाणी कुणाच्या पोटात होतं हाच खरा प्रश्न. पण बोक्याला दुष्काळ कळत नाही. तो वयात आला होता. वयात आलेला बोका भिंतीला पाठ करून उभा राहतो, शेपूट ताठ करतो, टोक थरथरवतो आणि मागच्या मागे एक चिळकांडी सोडतो. हे घर माझं आहे, एवढंच त्याला म्हणायचं असतं. माणसं यासाठी तलाठ्याकडे जातात.

तो वास घालवायला निदान दोन घागरी पाणी लागतं, आणि गावात टँकर यायचा दिवसाआड. सुप्यापासून कोसभर आत असलेल्या त्या गावात तेव्हा पाणी आधी प्यायला, मग भाकरीच्या पिठाला, मग उरलं तर तोंडाला, असा क्रम होता. भिंतीचा नंबर त्यात कुठेच नव्हता. त्यामुळे वास मुक्कामाला राहिला. रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी मुळातच घशाखाली उतरत नसे, ती आता नाक धरून खावी लागे.

घरात माणसं तीन. सहादेव पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जाई. त्याची बायको लंकाबाई टँकरमागे धावे आणि घर बघे. तिसरे सहादेवचे वडील आसाराम गुरुजी, प्राथमिक शाळेचे निवृत्त हेडमास्तर. पोरी कोपरगावला मामाकडे, कॅनॉलच्या पाण्यावर. बैलजोडी सुप्याजवळच्या छावणीत. गोठा रिकामा.

गुरुजी स्वच्छतेचे मोठे कडक. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. वर्गात पोरानं करंगळी वर करून एकीला जायचं विचारलं, की ते म्हणत, घंटा होईपर्यंत धर. धरून ठेवणं हा चारित्र्याचा पाया आहे. काही पोरांचा पाया वर्गातच खचत असे, त्यांना गुरुजी दिवसभर बाकावर उभं करत.

बोक्याविरुद्ध पहिला आवाज गुरुजींनीच उठवला.

"सहादेव, हे जनावर बाहेर काढ. काल माझी वाकळ भिजवली त्यानं."

सहादेवनं वाकळ हुंगली आणि बोक्याला जोडा फेकून मारला. लंकाबाईनंही वाकळ हुंगली, पण जरा सावकाश. सकाळी अंथरूण उचलायचं काम तिचंच होतं. बोक्याचा वास वेगळा, हा वेगळा. शिवाय बोका उभ्यानं करतो, भिंतीवर, वीतभर उंचीला. गोधडीच्या बरोबर मध्यावर, माणसाच्या कमरेच्या जागी करायला त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

थोडक्यात, घरात गुन्हे दोन होत होते आणि आरोपी एकच होता. लंकाबाई गप्प राहिली. वाकळ तिनं उन्हात टाकली, वर राख भुरभुरली, संध्याकाळी झटकून परत अंथरली.

गप्प राहण्याला कारण होतं. शेजारच्या रंगुबाईची सासू याच तक्रारीवरून गेल्या उन्हाळ्यात गोठ्यात गेली होती. जेवण दारातून सरकवत. महिन्याभरानं ती माणसांशी बोलायची बंद झाली आणि म्हशीशी बोलायला लागली. म्हैस छावणीत गेली तेव्हा तेही संपलं. तिला गोठ्यात हलवायचा निर्णय रंगुबाईच्या नवऱ्यानं गुरुजींना विचारूनच घेतला होता. आरोग्याच्या दृष्टीने योग्य आहे, असं गुरुजी म्हणाले होते. सहादेव तेव्हा शेजारी उभा होता. बापाचा शब्द तो लक्षात ठेवणाऱ्यांतला होता.

एका रविवारी सहादेवनं बोका पोत्यात घातला, तीनदा गरागरा फिरवला आणि हंगा नदीपलीकडे सोडून आला. नदी ओलांडली की मांजराला परतीची वाट सापडत नाही, असा आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. मात्र हा अनुभव पाणी असलेल्या नद्यांचा. हंगेत त्या साली नुसती वाळू होती. दिवेलागणीला बोका दारात हजर. त्यानं आत येऊन आधी चौकटीवर चिळकांडी सोडली, मग चुलीपाशी बसला. लंकाबाईनं त्याला भाकरीचा तुकडा टाकला.

"आरती ओवाळ त्येला," सहादेव म्हणाला.

"येवढ्या लांबून आलाय. तुमी तरी आला असता का?"

मारायचा म्हटलं तर मांजर मारल्याचं पाप काशीला सोन्याचं मांजर दिल्याशिवाय फिटत नाही. लंकाबाईच्या डोरल्यात मांजराची मिशीसुद्धा झाली नसती.

मग उपाय सापडला तो छावणीत. सहादेव बैल बघायला गेला, तेव्हा तिथल्या ढोरडॉक्टरच्या हाताखालचा प्रभुदास त्याला म्हणाला, "मारतो कशाला? खच्ची करून टाकू."

"बोका?"

"बैलासारखाच. बैल खच्ची केला की मारका राहत नाही, बोका केला की मुतका राहत नाही. घेऊन ये. इथं सध्या दुसरं काम नाही. या बैलांच्यात खच्ची करण्यासारखं काही उरलेलंच नाही."

सहादेवनं घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा गुरुजी ओट्यावर बसले होते. दोन महिने बोक्याला हाकलायची मागणी लावून धरणारा माणूस एकदम बदलला.

"नको. मुक्या प्राण्यावर हा अत्याचार आहे."

"तुमीच म्हनत होता नं, वाकळ भिजवतो म्हनून?"

"भिजवतो. पण म्हणून एवढी शिक्षा नको. आपण सहन करू."

"आन्ना, तुमी पोरांला छड्या किती मारायचा?"

"ती पोरं होती," गुरुजी म्हणाले.

लंकाबाईही म्हणाली, राहू द्या, थंडीत मरंल. सहादेवला दोघांच्या भूतदयेचं आश्चर्य वाटलं. दुसऱ्या दिवशी तो पोतं घेऊन छावणीवर गेला आणि संध्याकाळी बोका परत आणला. बोका दोन दिवस कोपऱ्यात पडून होता. मग उठून पाणी प्याला आणि सज्जनासारखा राहू लागला. प्रभुदासचं काम चोख होतं. पंधरा दिवसांत भिंती वाळल्या.

वाकळ वाळली नाही.

एक दिवस सहादेवला सुट्टी होती. सकाळी लंकाबाईच्या आधी त्यानंच बापाचं अंथरूण उचललं आणि हातात धरून उभा राहिला.

"हे काय?"

"बोका," गुरुजी म्हणाले.

"आन्ना, बोका खच्ची केलाय."

गुरुजी भिंतीकडे बघत राहिले. भिंत कोरडी होती. लंकाबाईनं चुलीपुढून मान न वळवता सांगितलं, "लगेच जातीय व्हय सवय? तुमची तंबाकू गेली का? प्रभुदासलाच इचारा."

सहादेव खरोखरच विचारायला गेला. त्याच्या आधी लंकाबाई जाऊन आली होती, बैलांना बघायच्या निमित्तानं. तिनं प्रभुदासला काय सांगितलं ते त्यानं कुणाला कळू दिलं नाही. सहादेवला तो एवढंच म्हणाला, "काही काही बोक्यांना जुनी सवय महिनाभर राहते. मग जाते."

म्हणजे गुरुजींना महिन्याची मुदत मिळाली. हे महिन्याचं बोलणं सहादेवनं जेवताना मोठ्यांदा सांगितलं, आणि गुरुजींनी भाकरी अर्धी ठेवून हात धुतला.

त्यानंतर त्यांनी संध्याकाळचं पाणी बंद केलं. मग दुपारचं. फाल्गुन लागेपर्यंत ते सकाळी अर्धा पेला पिऊन दिवस काढू लागले. उशाशी ठेवलेला तांब्या सकाळी जसाच्या तसा भरलेला. वाकळ कोरडी राहू लागली. सहादेव खूश झाला. "बघ, महिन्यात गेली का न्हाई सवय? प्रभुदास लई हुशार."

गावात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. गुरुजी घोटभर पाण्यावर राहतात. टँकरपाशी कुणी दोन घागरी जास्त भरल्या की बायका म्हणत, अगं, गुरुजींकडं बघ. पाडव्याला सरपंचांनी देवळापुढे भाषण केलं. काही माणसं दुष्काळाला तोंड देतात, गुरुजींनी तोंडच बंद केलं, असं ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींना बोलायला उभं केलं, पण जीभ टाळ्याला चिकटल्यामुळे ते हात जोडून खाली बसले. याला लोक विनय म्हणाले.

त्या दुपारी सहादेव कामावर गेल्यावर लंकाबाई पेला घेऊन गुरुजींपुढे बसली.

"मामा, प्या."

"तहान नाही."

"व्हट फुटल्यात तुमचे. प्या. मी हाय की."

"तू आहेस म्हणजे?"

"अंथरूण मीच उचलते नं? त्येंच्या आदी उठते. कुनाला कळायचं न्हाई."

गुरुजींनी धोतराचा सोगा गुडघ्यांवर ओढून घेतला. सुनेपुढे इतकी वर्षं त्यांनी पायही पसरला नव्हता.

"बोक्याचं म्हणतेस का तू?" ते म्हणाले.

लंकाबाईनं पदर सारखा केला. "व्हय, बोक्याचंच."

"तो सुधारलाय आता. त्याला बिघडवू नको."

त्यांनी पेला हातानं दूर केला. पाणी सांडू नये म्हणून लंकाबाईनं तो घाईनं धरला.

दुसऱ्या दिवशी ती रंगुबाईकडे गेली आणि तिचा तांबडा बोका मागून आणला. तो धडधाकट होता, खच्ची केलेला नव्हता, आणि गल्लीत त्याच्याबद्दल कुणाचं चांगलं मत नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यानं माजघराची भिंत, कणगी आणि सहादेवच्या चपला आपल्या नावावर करून घेतल्या.

"ही ब्याद कशाला आनली?" सहादेवनं विचारलं.

"उंदरं झाल्यात."

"घरात दाना न्हाई अन् उंदरं कशी व्हतील?"

"म्हनूनच. भुकेली हायेत. आंथरून कुरतडत्यात."

घरात वास पुन्हा भरला. लंकाबाईनं मोठ्यांदा, शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात, तांबड्या बोक्याला शिव्या घातल्या. वाकळीवरबी करतोय मेला, असं ती वाकळ कोरडी असतानाच म्हणाली. मग तांब्या भरून गुरुजींच्या उशाशी ठेवला आणि त्यांच्याकडे पाहिलं. गुरुजींना कळलं. त्या रात्री त्यांनी तांब्या अर्धा प्यायला.

पण सकाळी वाकळ कोरडीच होती. दुसऱ्या सकाळीही. लंकाबाई ती हातानं चाचपून बघत होती, एखादा तरी ओला डाग सापडावा म्हणून. गुरुजींचे पाय सुजले, तोंड सुजलं. गावात टेम्पो नव्हता, तलावाच्या कामावरचा ट्रक मुकादमानं दिला, त्यातून त्यांना नगरला नेलं. डॉक्टरनं पोट दाबून बघितलं. लघवी बंद झाली होती.

"पाणी पीत नव्हते का हे?"

"गावासाठी कमी प्यायचे," सहादेवनं सांगितलं. त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. सरपंचांचं भाषण त्यानंही ऐकलं होतं.

डॉक्टरनं लंकाबाईकडे पाहिलं. ती खाली फरशीकडे बघत होती. फरशी नुकतीच पुसलेली होती, भरपूर पाण्यानं.

गुरुजी चौथ्या दिवशी गेले. शेवटच्या आंघोळीला चार घरांनी एकेक कळशी दिली. इतकं पाणी त्यांच्या अंगाला वर्षभरात लागलं नव्हतं. सरपंच पुन्हा बोलले. जुने विद्यार्थी रांगेत उभे होते, त्यांतले बरेचसे खडी फोडून थेट आले होते. सावडायला गेल्यावर राखेवर शिंपडायला पाणी कमी पडलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं की गुरुजींना चाललं असतं.

तेरावा झाला. पोरी कोपरगावहून आल्या आणि नाक दाबून दारातच उभ्या राहिल्या. तांबड्या बोक्यानं गुरुजींच्या फोटोखालची भिंत भिजवली होती. सहादेवनं त्याला मानगुटीला धरून पोत्यात कोंबलं.

"ह्येला उद्या प्रभुदासकडं नेतो. नेऊ का? का पुन्यांदा दया येती तुला?"

लंकाबाई गुरुजींची वाकळ उसवत होती. चांगले तुकडे ती एका बाजूला काढत होती, पोरींच्या गोधडीसाठी.

"न्या," ती म्हणाली. "आता कशाला पायजे."

"कशाला म्हंजे?"

"उंदरं गेली," लंकाबाई म्हणाली, आणि दातानं दोरा तोडला.