जिने जाळं बांधलं, तिने आधी पडावं

ज्या दिवशी आई ऑफिसात येऊन टेबलावरून पडली, तो दिवस तसा साधाच होता.

सायकलदुरुस्तीच्या दुकानावरचा मजला भाड्याने घेऊन लेकीने स्टार्टअप काढलं होतं. तिथे एकच वस्तू बनायची : मालकाच्या मागे आपणहून चालत येणारी प्रवासाची बॅग. ओढायची नाही, ढकलायची नाही. तुम्ही चाला, ती येते. मंडळींनी तिचं नाव ठेवलं होतं शेपटी.

आई एके काळची झुलेवाली. सर्कशीत उंच झुल्यांवरून उड्या मारणाऱ्या पथकाची म्होरकी. सत्तरी उलटली तरी जिना चढताना कठड्याला हात लावील तर शपथ! लेक बरोबर उलटी. नेमस्त, शिस्तीची, पुस्तकात डोकं घालून वाढलेली. चाल तेवढी आईची, तुरुतुरु. शेपटीला चालायला शिकवलं ते त्याच चालीच्या मागे.

आई दारात पोचली तेव्हा बैठक चालू होती.

"मोटर?" लेकीने विचारलं.

"ठीक आहे, मॅडम." हा चाकं आणि मोटर सांभाळणारा. त्याला सगळे चाकोबा म्हणत.

"प्रोग्रॅम?"

"ठीक आहे, मॅडम," प्रोग्रॅम लिहिणारी चष्मिस फरशीकडे बघत म्हणाली.

"कुणाला काही अडचण?"

सगळ्यांच्या माना एकदमच नकारार्थी हलल्या.

"अगं बाई," आई दारातूनच म्हणाली, "इतकं ठीक तर माझ्या लग्नातसुद्धा नव्हतं!"

चाकोबाला फस्सकन हसू आलं. त्याने मॅडमकडे पाहिलं आणि ते हसू आवंढ्यासारखं गिळलं. आईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"काय रे, इथे कुणाचं काही चुकतच नाही का?"

"चुकतं हो, आजी."

"मग ही ओरडते की काय?"

"छे, छे! मॅडम कधीच ओरडत नाहीत. नुसतं 'बरं' म्हणतात."

"त्यापेक्षा ओरडल्या तर परवडेल," चष्मिस पुटपुटली आणि आपण हे मोठ्याने बोललो हे कळून तिने चष्मा पुसायला घेतला.

"बरं," लेक म्हणाली.

मग मात्र आईला हसू आवरेना. डोळे पुसत ती म्हणाली, "आमच्याकडे नवी पोरं यायची ना, खाली जाळं आहे म्हणून घसा कोरडा करून सांगा, झुला सोडायला हात तयार नाहीत. मग मी वर जायची आणि सगळ्यांच्या आधी पडायची. छान-बिन नाही हं! भोपळ्यासारखी! वरून ओरडायची, 'मेले गं बाई!' पोरं पोट धरधरून हसायची आणि मग एकेक जण लागायचा की टपाटप पडायला. जिने जाळं बांधलं, तिने आधी पडावं. पडायला लागली की मग उडतातच पोरं."

"आणि मॅडम पडायच्या?" चष्मिसने हळूच विचारलं.

"ही? वर चल म्हटलं की म्हणायची, अभ्यास आहे. भीती वाटते का म्हटलं, तर नाही, अभ्यास आहे. पहिलीत होती हो! पहिलीत कसला आलाय अभ्यास?"

लेकीचे कान लाल झाले. तोवर आई टेबलावर चढलीसुद्धा होती. मागे बॅगांच्या आत भरायच्या फोमचा ढीग होता. तिने त्याच्याकडे पाठ केली.

"आई, लोक बघतायत!"

"बघावं म्हणूनच तर पडतेय! मेले गं बाई!"

फोमचे तुकडे छतापर्यंत उडाले. एक चप्पल प्रिंटरवर जाऊन बसली. शेपटी बावचळून स्वतःभोवतीच गिरक्या घ्यायला लागली, आणि ढिगातून दोन पाय हलवत आई विचारत होती, "कोण आहे रे पुढचं?"

कुणीच नव्हतं. सगळे मॅडमकडे बघत होते.

संध्याकाळी आईला सोडायला लेक जिन्यापर्यंत आली. महिनाअखेरीला बॅगांच्या मोठ्या दुकानाचे लोक शेपटी बघायला यायचे होते. त्यांनी पसंत केली तर कंपनी तरणार, नाही तर या मजल्याला कुलूप. आईला हे ठाऊक होतं.

"भीती वाटते का गं?"

"नाही गं. काम आहे."

"बढती झाली म्हणायची! आधी अभ्यास, आता काम," म्हणत आई कठड्याला हात न लावता उतरून गेली.

दुसऱ्या सकाळी ती उठली नाही. जन्मभर उंचावरून पडलेली बाई अंथरुणातल्या अंथरुणात, झोपेत गेली.

लेक कामावर परतली. सगळं नेमाने करू लागली, बैठका घेऊ लागली. दुकानाच्या लोकांचं येणं उद्यावर आलं तेव्हा तिने शेपटीची शेवटची चाचणी ठेवली. ती पुढे चालली, शेपटी मागे निघाली. थोडं अंतर आली आणि थांबली. पुन्हा निघाली, पुन्हा थांबली.

"काय बिघडलंय?"

"काही नाही, मॅडम. ठीक आहे," चष्मिस फरशीला म्हणाली.

"बरं."

हा शब्द तिला प्रथमच स्वतःच्या कानांनी ऐकू आला. तिने वळून पाहिलं. फोमच्या ढिगात आईने पाडलेला खळगा होता तसाच होता. इतक्या दिवसांत कुणी त्याला हात लावला नव्हता.

लेकीने चपला काढल्या, नीट जोडीने ठेवल्या आणि ती टेबलावर चढली. टेबल ते केवढं! पण तिने वरच्या बल्बची वायर अशी गच्च धरली की चाकोबा धावत आला.

"मॅडम, बल्ब बदलायचाय का? मी बदलतो!"

"मेले गं बाई!" लेक किंचाळली आणि पडली.

कशी पडली म्हणता? शिस्तीचं माणूस पडतं तशी : हात छातीशी, पाय जुळवलेले, डोळे मिटलेले, जणू कपाटच आडवं झालं. ढिगाच्या आतून आवाज आला, "कोण आहे रे पुढचं?"

चाकोबा फुटला. हसता हसता खाली बसला आणि म्हणाला, "मॅडम, डावं चाक मी उलटं बसवलंय! महिना झाला!" कुणी बॅटरी जळाल्याचं सांगितलं, कुणी ती लपवल्याचं. एकाच्या चुकीवर दुसऱ्याची चूक, हसण्यावर हसणं. चाकोबाने तर टेबलावरून खरोखरच उडी टाकली आणि मॅडमला सरकावं लागलं.

चष्मिस शेवटी बोलली.

"प्रोग्रॅम बिघडलेला नाही, मॅडम. शेपटीला तुमची चाल पाठ आहे, तुरुतुरु. हल्ली तुम्ही सावकाश चालता. तिला ओळखूच येत नाही. ती थांबते आणि जुन्या मॅडमना शोधते." तिने चष्मा काढला. "नवी चाल शिकवायला तासाभराचं काम आहे. पण तुम्हाला सांगायची भीती वाटली. तुम्हाला नाही का हो वाटत कधी?"

लेकीच्या जिभेवर शब्द तयारच होता. काम आहे. वर छताला फोमचा एक तुकडा चिकटून राहिला होता, त्या दिवसापासूनचा. आईच्या खळग्यात पडल्या पडल्या ती त्याच्याकडे बघत राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अभ्यास-बिभ्यास काही नव्हता गं, आई. मला भीती वाटायची."