मुंगीचा टाका

फोटो फक्त हातांचे टाकायचे, तोंड कधीच दाखवायचं नाही, एवढी अक्कल मला होती. बाकीची बहुतेक गहाण टाकली होती.

आमचं दुकान रफूचं. फाटलेले कोट, कसरीने खाल्लेले स्वेटर, खिळ्याला अडकून आलेल्या पँटी. पुढे काउंटरवर मी असते. मागे पडदा, पडद्यामागे खिडकीपाशी एक टेबल आणि त्या टेबलाशी माझी धाकटी बहीण. आठ महिन्यांपूर्वी ती एका पिशवीनिशी माझ्याकडे आली, तेव्हा तिचं डावं मनगट वाकडं जुळलेलं होतं. ते कसं मोडलं हे मी एकदाच विचारलं. नवऱ्याने तिच्याजवळ फिरकायचं नाही असा कोर्टाचा हुकूम तिने मिळवला होता, पण आम्हाला खरा आधार त्या कागदाचा नव्हता. मी या शहरात दुकान टाकलंय हे तिच्या सासरी कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून आम्ही कुठे आहोत हे त्याला माहीत नव्हतं, आणि त्याच भरवशावर आम्ही दोघी झोपत होतो.

आता आठ महिने लपून बसायचं आणि दुकानही चालवायचं, म्हणजे तारेवरची कसरत. गिऱ्हाईक रोडावलं तेव्हा मी फोनवर फोटो टाकायला लागले. प्रत्येक फोटोखाली पंचवीस-तीस हॅशटॅग. सुंदर, फॅशन, प्रेम, आयुष्य. प्रेम लिहून रफूला कोण येणार, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. कुठल्या कुठल्या देशांतून लाइक आले, पण काउंटरवर एक पँट आली नाही.

मग पलीकडच्या छापखानेवालीने आम्हा दुकानदारांसाठी चार शनिवार वर्ग घेतला. बाई तोंडाने फटकळ, पण शिकवायची मन लावून. माझी सगळी यादी तिने लाल पेनाने खोडली. पाच पुरेत, म्हणाली. एक धंद्याचा, दोन फोटोतल्या वस्तूचे, एक आपल्या गल्लीचा, कारण गिऱ्हाईक चालत येतं, विमानाने नाही. आणि एक फक्त आपला, जगात दुसऱ्या कोणाकडे नसलेला. तुमच्याकडे असं काय आहे, असं तिने विचारलं आणि मी क्षणाचाही विचार न करता सांगून टाकलं.

#मुंगीचाटाका.

लहानपणी बहीण इतके बारीक टाके घालायची की आई म्हणायची, मुंग्यांची रांग लावलीय पोरीने. तेव्हापासून ती मुंगी. तिला सांगितलं तेव्हा ती हसली, आठ महिन्यांत पहिल्यांदा. तिचं खरं नाव मी चुकूनही कुठे लिहिलं नसतं. पण घरात हाक मारायचं नाव हेही नावच असतं, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

आणि तो हॅशटॅग चालला. लोक आपले कपडे आधी फाटलेले, मग सांधलेले, असे जोडीने टाकायला लागले. समोरच्या चष्मेवाल्याने तर जाकिटाचा फोटो काढला तो आमच्या पाटीखाली उभा राहून. मी फुशारकीने सगळ्यांना दाखवत होते.

मंगळवारी सकाळी काउंटरवर फोन वाजायला लागला आणि वाजतच राहिला. फोटो नसलेलं एक खातं. त्याने सगळ्यात नव्या फोटोला लाइक दिला, मग त्याच्या आधीच्या, मग त्याच्याही आधीच्या. एकेक करत तो पहिल्या फोटोपर्यंत मागे गेला. मग निरोप आला. तपकिरी कोटाचा फोटो, कोपरावर चीर. खाली लिहिलेलं: मुंगीच्या हातूनच करून हवं. आज चारला येतो.

गिऱ्हाईकं मुंगीचा टाका म्हणतात. मुंगीचा हात कोणी म्हणत नाही. मुंगी हे माणसाचं नाव आहे, हे घरच्यालाच माहीत.

फोन मी आत नेला. तिने निरोप वाचलाच नाही, आधी कापड पाहिलं. बोटांनी फोटो मोठा केला.

"हे फाटलेलं नाही, ताई," ती म्हणाली. "फाटलं की धागे लांब-आखूड निघतात. हे कात्रीने कापलंय. आणि खिशाजवळचा तो रफू माझा आहे."

मी वेड्यासारखे फोटो पुसत सुटले. माझे साठ-पासष्ट फोटो दहा मिनिटांत गेले. पण लोकांचे कसे पुसणार? चष्मेवाल्याचं जाकीट तिथेच होतं, डोक्यावर आमची पाटी, खाली गल्लीचं नाव. शोधणाऱ्याला आणखी काय हवं? छापखानेवालीने शिकवलेलं मी इतकं मन लावून केलं होतं, आणि माझ्याच हाताने बहिणीचा पत्ता छापला होता.

पोलिसांना फोन केला. कोर्टाच्या हुकमाचा नंबर त्यांनी लिहून घेतला. तो आला की कळवा, म्हणाले. म्हणजे आधी त्याने यायचं. मी शटर पाडू म्हटलं, तर बहीण म्हणाली की शटर पाडलं तर आत आपण दोघीच उरू, आणि बाहेर तो. बरोबर होतं. शटर मी उघडंच ठेवलं.

एक वाजता मला सुचलं ते एवढंच, की दुकानात माणसं हवीत. तीन ते पाच प्रत्येकाला एक रफू फुकट, असं मी लिहिलं. खाली पाच हॅशटॅग. गल्लीचा सगळ्यात आधी, आणि शेवटी तिचा. घाईत मुंगी तीनदा चुकीची लिहिली गेली.

साडेतीनपर्यंत दोन माणसं आली. एका आजींचा स्वेटर, एका सुताराची पँट. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून बघत होते. मग हळूहळू रांग लागली. चष्मेवाला आला, बँकेतल्या दोघी आल्या, छापखानेवाली स्वतः आली आणि फुकट कशाला वाटतेस म्हणून मला झापायला लागली. खरं कारण मी कोणालाच सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती. काउंटरखाली पोलिसांचा नंबर काढून फोन तयार ठेवला होता, एवढंच.

चारला तो आला. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग, हातावर घडी घातलेला कोट. मी मनात कुठलासा राक्षस उभा केला होता आणि हा तर रांगेत उभा राहिला. मागून आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्याने हसून पुढे जाऊ दिलं. त्या हसण्याची मला जास्त भीती वाटली. मी काउंटरखाली नंबर दाबला, कुजबुजत पत्ता सांगितला आणि समोरच्या स्वेटरची पावती उलटीच लिहिली.

त्याची पाळी आली. त्याने कोट काउंटरवर ठेवला.

"ताई, ओळखलंत ना?" तो हळू आवाजात म्हणाला. "बोलवा तिला. मी काही करत नाही."

मी पावतीपुस्तक मिटलं आणि पडद्याच्या वाटेत उभी राहिले.

पडदा सरकला आणि बहीण बाहेर आली. तिने काउंटरवरचा कोट उचलला, उजेडात धरला, आणि सकाळी माझ्याशी कापडाबद्दल बोलली त्याच आवाजात, पण शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलली.

"फाटलेलं असतं तर सांधलं असतं. हे मुद्दाम कापलंय. हा माझा नवरा आहे. माझं मनगट यानेच मोडलं. याने माझ्याजवळ यायचं नाही असा कोर्टाचा हुकूम आहे, आणि मला शोधायला याने स्वतःचा कोट कापला."

चष्मेवाला रांगेतून निघून तिच्या बाजूला येऊन उभा राहिला. स्वेटरवाल्या आजी निघाल्या होत्या, त्या परत येऊन स्टुलावर बसल्या. सुताराने दाराशी जागा घेतली. छापखानेवालीने फोन काढला आणि सरळ त्याच्या तोंडाचा फोटो घेतला.

गैरसमज झालाय, असं तो सगळ्यांकडे बघून म्हणाला. कोटाची व्यवस्थित घडी घातली. जाता जाता माझ्याकडे किंचित वाकला.

"पत्ता तर कळला," म्हणाला.

पोलीस वीस मिनिटांनी आले, तोवर तो निघून गेला होता. जबाब झाला, छापखानेवालीने काढलेला फोटो त्यांनी घेतला, रात्री गस्त घालू म्हणाले. माणसं पांगली. मी बहिणीला म्हटलं, सगळं बंद करू, खातं, दुकान, दुसरीकडे कुठेतरी जाऊ. तिने ऐकून घेतलं आणि माझा फोन माझ्या हातात दिला.

"फोटो काढ. तोंडासकट."

मी नाही म्हटलं. अजिबात नाही.

"ताई, आठ महिने या गल्लीत मला फक्त तू ओळखत होतीस. मला काही झालं असतं तर कोणाला कळलंही नसतं. आता सगळ्यांना ओळखू दे."

पहिले तीन फोटो हलले. चौथा नीट आला. टेबलाशी ती, हातात सुई, वाकडं मनगट, सरळ समोर पाहणारा चेहरा. खाली तेच पाच हॅशटॅग. पाठवायच्या बटणावर माझा अंगठा कितीतरी वेळ नुसता धरलेला. तिने घाई केली नाही. मी दाबलं.

फोन टेबलावर ठेवून आम्ही दोघी बघत बसलो. पहिला लाइक आला तो फोटो नसलेल्या खात्याचा. मी फोटो पुसायला हात पुढे केला. तिने तो धरला. तिचाही हात गार होता.

"थांब," ती म्हणाली. "दुसरा येऊ दे."

दुसरा यायला चार मिनिटं लागली. चष्मेवाल्याचा होता.